शेप्या आंब्याचे दोन रहिवासी

पूर्णिमा वानखडेला झाडांची भीती वाटायची, आणि झाडं तपासणं हेच तिचं पोटापाण्याचं काम होतं.

ही भीती जन्मापासूनची नव्हती. वाशिमजवळच्या गावात तिचं लहानपण लिंबा-बाभळीच्या सावलीत गेलं. अकोल्याला ती शेतकीचं शिकली, शेवटी शेवटी वनस्पतींच्या रोगांकडे वळली आणि पुण्यात एका लहानशा खाजगी संस्थेत नोकरीला लागली. सोसायट्यांच्या, शाळांच्या आवारातली जुनी झाडं पाहायची आणि 'ठेवा', 'छाटा' किंवा 'काढा' असा लेखी सल्ला द्यायचा, हे तिचं काम. जवळ एक लाकडी हातोडा असायचा. खोडावर ठोकायचं आणि कान देऊन ऐकायचं. भरीव लाकूड टणक वाजतं, कुजलेलं बद्द.

तीन वर्षांपूर्वी कोथरूडच्या एका गल्लीतला गुलमोहर तिनं असाच ठोकून पाहिला, 'सुस्थितीत' असं लिहिलं आणि सही केली. अकराव्या दिवशी तो मुळासकट आडवा झाला. खालून स्कूटरवर चाललेली बाई वाचली, पण तिचे पाय गेले. पूर्णिमावर कुणी ठपका ठेवला नाही. कूज मुळांत होती, वरून ठोकून ती कळलीच नसती, असं चौकशीत सगळेच म्हणाले. ते खरंही होतं.

पण तेव्हापासून ती रस्त्याच्या कडेनं गाडी चालवेनाशी झाली. फांद्या चुकवत रस्त्याच्या अगदी मधून जायची आणि मागच्यांचे हॉर्न खायची. वारा सुटला की खिडक्या लावून न्हाणीघरात नळ सोडून बसायची, म्हणजे बाहेरची सळसळ ऐकू येत नाही. ऑफिसात यातलं कुणालाच माहीत नव्हतं. आईचा, विमलाबाईंचा, फोन यायचा. "काहून वं, आवाज असा काहून येऊन राह्यला?" पूर्णिमा म्हणायची, "काही नाही आई, धूळ आहे इथं."

एप्रिलच्या सतरा तारखेला ती वारज्याच्या आम्रकुंज सोसायटीत गेली. नावात कुंज असलं तरी फाटकावरच्या जांभळाशेजारी आंबा एकच उरला होता. पार्किंगच्या टोकाला, तळमजल्यावरच्या पाळणाघराच्या अंगणावर फांद्या पसरून उभा. दोन माणसांच्या कवेत न मावणारा बुंधा. सोसायटी होण्याआधी तिथं सर्जेरावांचा मळा होता. जमीन बिल्डरला देताना त्यांनी दोन फ्लॅट आणि हे झाड मागून घेतलं होतं. आता पंचाहत्तरीला आलेले सर्जेराव पहिल्या मजल्यावर राहत आणि दिवसाचा बराच वेळ झाडाखाली खुर्ची टाकून बसत.

"शेप्या हाय ह्यो," ते तिला म्हणाले. "फळाला शेपूचा वास येतो. बाजारात कुनी घेत न्हाय, पर आमच्या आज्याला आवडायचा."

पूर्णिमा बुंध्याशी वाकली आणि तिथंच थबकली. मुळांच्या बेचक्यात, जमिनीपासून वीतभर उंचीवर, लाखेचं पॉलिश केल्यासारखं तांबूस, चकचकीत भूछत्र होतं. पंख्याच्या आकाराचं, कडेला पांढरी किनार. आसपासच्या पानांवर गंजासारखी भुकटी पसरली होती. तिनं ओळखलं. लाकूड कुजवणारी बुरशी. आत वर्षानुवर्षं काम चालतं आणि बाहेर भूछत्र दिसेपर्यंत बहुतेक काम झालेलं असतं.

तिनं सुईएवढं बारीक ड्रिल खोडात घातलं. चार बोटं आत जाईपर्यंत लाकडानं विरोध केला, मग एकदम काहीच नाही. पुढे नुसती पोकळी. तीन ठिकाणी पाहिलं, तिन्हीकडे तेच. भिंतीपलीकडे मुलं गाणं म्हणत होती. तिनं ड्रिल बंद केलं.

"आजोबा, ही मुलं दुपारी अंगणात येतात?"

"सकाळी बी येत्यात. बावीस हायेत."

काढा, असंच लिहायचं होतं. वहीत तिनं 'का' लिहिलाही. तेवढ्यात वरून कर्कश ओरडा आला आणि राखाडी रंगाचा, मोठ्या वाकड्या चोचीचा, लांब शेपटीचा पक्षी फांदीवर उतरला. खोडात दोन मजले उंचीवर मातीनं लिंपल्यासारखा एक भाग होता, त्यात बोटभर फट. फटीतून दुसरी चोच बाहेर आली. पक्ष्यानं उंबराचं फळ तिच्यात ठेवलं. मग घशातून आणखी एक काढून ठेवलं. मग आणखी एक.

"धनेश," सर्जेराव म्हणाले. "रानातलं पाखरू. पाडव्याच्या सुमारास मादी आत गेली आन दार लिंपून घेतलं. आता पिल्लं मोठी होईस्तवर येत न्हाय भायेर."

पूर्णिमाला हे पुस्तकातून माहीत होतं. आत बसलेली मादी पंखांची आणि शेपटीची पिसं गाळते. म्हणजे झाड तोडलं तर तिला उडताही येणार नाही. वहीतल्या 'का'कडे ती बराच वेळ पाहत राहिली.

सोसायटीचे अध्यक्ष श्यामसुंदर आगाशे, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी तिचं सगळं म्हणणं चष्मा पुसत ऐकून घेतलं.

"म्हणजे मॅडम, बुरशी म्हणते झाड काढा आणि पक्षी म्हणतो ठेवा. आपण असं करा, एक तक्ता करून द्या. एका रकान्यात पक्षी, दुसऱ्यात बुरशी. दोघांची व्यवस्थित तुलना. रविवारी सभा आहे. तोंडी सांगितलेलं इथं कुणाला आठवत नाही, आणि आठवलंच तर सोयीचं तेवढं."

शनिवारी पूर्णिमा स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद घेऊन बसली. पक्ष्याचा रकाना भराभर भरला. खाणं उंबर, वड, पिंपळाची फळं. बिया लांबवर टाकतो, रान वाढवतो. घर स्वतः कोरत नाही, आयती ढोली शोधतो. मग बुरशीचा रकाना. खाणं लाकूड. जखमेतून आत शिरते. आवाज नाही, वास नाही. वरची पालवी हिरवीगार राहते.

लिहिता लिहिता ती 'आयती ढोली'वर परत आली. ही आयती ढोली केली कुणी? फांदी तुटल्याच्या जखमेतून कूज शिरली, गाभा पोखरला गेला, म्हणून धनेशाला खोली मिळाली. निरोगी आंब्यात त्याला जागाच नव्हती. दोन रकाने ती वेगळे ठेवायला बघत होती आणि ते एकमेकांत शिरत होते. धनेशानं दार लिंपलं होतं ते शत्रू बाहेर राहावा म्हणून, आणि भिंत खाणारं भिंतीच्या आतच होतं.

शेवटची ओळ होती 'कालावधी'. पक्ष्यापुढे तिनं लिहिलं, जूनचा दुसरा आठवडा. बुरशीपुढे पेन टेकवलं आणि ते तिथंच राहिलं. आठ दिवस? आठ वर्षं? 'काढा' लिहिलं तर आयुष्यात कुणी तिला बोल लावणार नव्हतं. हे मनात आलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. आपल्याला भीती झाडाची वाटते आहे की सहीची, हे तिला कळेना.

सभेत तिनं तक्ता वाचला. आगाशे म्हणाले, "थोडक्यात, दोघंही भाडं न देता राहतात, आणि एकाला घर दुसऱ्यानं करून दिलंय. बरं, आधी कोण जाणार?"

"पक्ष्याची तारीख मी सांगू शकते. बुरशीची नाही."

कुणीतरी पार्किंगचं काय म्हणून विचारलं. कुणीतरी पक्ष्यांचे फोटो काढून गटावर टाकले होते, ते दाखवायला लागलं. गलका वाढला. मागच्या रांगेतून सर्जेराव उठले. "ताई, तुमची सोताची पोरं असती, तर ह्या झाडाखाली खेळू दिली असती का?"

"नाही."

"आन झाड पाडलं असतं?"

तिनं हातातल्या तक्त्याची घडी घातली. मग म्हणाली, "आज नाही."

त्यातूनच निर्णय झाला. अंगण पत्रे लावून बंद करायचं. पाळणाघर मागच्या इमारतीतल्या सभागृहात हलवायचं. ढोलीला धक्का न लावता रस्त्याकडच्या फांद्या हलक्या करायच्या, खोडाला लोखंडी टेकू द्यायचे, झाडाखालच्या बारा गाड्या बाहेर लावायच्या. पिल्लं बाहेर पडली की झाड उतरवायचं. पूर्णिमानं रोज सकाळी कामावर जाण्याआधी येऊन कल मोजायचं कबूल केलं. तिला कुणी तसं सांगितलं नव्हतं.

पुढचे सहा आठवडे तिनं कसे काढले ते तिलाच ठाऊक. साडेसातला ती पत्र्याच्या आत शिरायची, फांदीवरून सोडलेल्या ओळंब्याची दोरी खालच्या खुणेवर आहे का बघायची आणि तीन मिनिटांत बाहेर यायची. त्या तीन मिनिटांत तिचा कुर्ता पाठीला चिकटायचा. वर फटीतून चोच दिसायची. आत अंधारात बसलेल्या, पिसं गळालेल्या त्या मादीचा तिला हेवा वाटायचा. त्या मादीला काहीच माहीत नव्हतं.

मेच्या मध्यावर वळीव आला. पूर्णिमा तेव्हा बुधवार पेठेत होती, कल मोजायचं एक डिजिटल यंत्र घ्यायला. दुपारी चारलाच अंधारून आलं, दुकानांचे बोर्ड खडखडायला लागले, रस्त्यावरचे खोके उडाले. ती काउंटरला धरून उभी राहिली. इथं न्हाणीघर नव्हतं. तिनं सर्जेरावांना फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. दुकानदार म्हणाला, "मॅडम, पाणी देऊ का?" तिनं मान हलवली आणि पुन्हा नंबर लावला. अकराव्या वेळी फोन उचलला गेला.

"उभं हाय," पलीकडून एवढंच आलं. ती दुकानाच्या पायरीवरच बसली.

झाड पडलं नाही, आणि तिथूनच खरा त्रास सुरू झाला. एवढ्या वादळात टिकलं म्हणजे मजबूत आहे, असं लोक म्हणायला लागले. दोन गाड्या गुपचूप परत पत्र्याला खेटून उभ्या राहिल्या. पाळणाघर चालवणारी अक्षता हैराण झाली होती. सभागृहात पंखे दोन, मुलं बावीस, उन्हाळा तसला. तिनं आगाशेंकडे अंगण परत मागितलं. अठ्ठावीस मेला संध्याकाळी सूचनाफलकावर कागद लागला: उद्यापासून पाळणाघराचे अंगण खुले करण्यात येत आहे.

एकोणतीसला पूर्णिमाला पोचायला दहा वाजले, तेव्हा पत्र्याचं दार काढून भिंतीला टेकवलेलं होतं. हवा कोंदलेली, पान हलत नव्हतं. दोरी खुणेपासून दोन बोटं सरकली होती. काल अर्धंच बोट सरकलेली होती. झाड कलत होतं त्याच्या उलट बाजूला, मुळांशी, जमिनीला केसासारखी चीर गेली होती, इतकी बारीक की तिनं त्यात गवताची काडी घालून पाहिली. काडी गेली, आणि संपूर्ण गेली.

ती मागच्या इमारतीकडे धावत सुटली. अक्षता मुलांना रांगेत उभं करत होती. प्रत्येकाच्या हातात पाण्याची बाटली, पुढच्याचा शर्ट धरलेला.

"आज नको," पूर्णिमा म्हणाली.

"आता काय झालं? काल नोटीस लागलीये. आई-बाबांना मेसेज गेलेत. तुमचं ते झाड पडतच नाहीये, मॅडम."

पूर्णिमाकडे सांगायला दोन बोटं दोरी आणि गवताची एक काडी होती. अहवालाच्या भाषेत ते फार थोडं होतं. तीन वर्षांत जे तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं ते तिच्या तोंडून निघून गेलं. "मला भीती वाटते, अक्षता. मागे एकदा मी सगळं ठीक आहे म्हणून सही केली होती, आणि एका बाईचे पाय गेले. आज पुरावा एवढासाच आहे. पण मला फार भीती वाटते."

अक्षतानं तिच्या हातांकडे पाहिलं. नखांत माती भरली होती. ती वळून मुलांना म्हणाली, "चला, सगळे खाली बसा. आज आपण आतच चित्रं काढणार आहोत."

पूर्णिमानं आगाशेंना बोलावलं. सर्जेरावांची खुर्ची झाडाखालून उचलायला लावली. दोन्ही गाड्यांचे मालक शोधून गाड्या काढायला लावल्या. त्यातला एकजण पूर्ण वेळ तिला ऐकवत होता. आगाशे म्हणाले, "आपण लेखी द्या, मी फलकावर लावतो." ते फाटकापाशी कागद शोधत असतानाच खालून आवाज आला. मोठा नव्हता. ओली दोरी पिळल्यासारखा. मग जमीन पायांखाली हलली आणि हिरवा डोंगर, काहीच घाई नसल्यासारखा, अंगणाकडे झुकत गेला. टेकू काड्यांसारखे वाकले. पत्रे, घसरगुंडी, पाळणाघराची पुढची भिंत, सगळं पानांखाली गेलं. नंतर बराच वेळ नुसती धूळ. दहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. ही मुलांच्या खेळाची वेळ.

आगाशेंच्या हातातला चष्मा खाली पडला होता. तो उचलायचं त्यांना सुचलं नाही.

सगळ्यात आधी सर्जेराव पुढे गेले. "ताई, पाखरू," ते म्हणाले. पूर्णिमा फाटकापाशीच उभी होती. पडलेलं झाड कधीही पुन्हा सरकतं, लोळतं, हे तिला ठाऊक होतं. म्हातारा एकटाच फांद्यांत शिरताना दिसला तेव्हा ती निघाली. फांदी धरायची, थांबायची, ऐकायची, पुढची फांदी. खोड ढोलीपाशीच फुटलं होतं. आतलं लाकूड भिजलेल्या पावासारखं, बोटानं चुरा होणारं. लिंपलेल्या दाराचे तुकडे झाले होते. एक पिल्लू दबून मेलं होतं. दुसरं, अंगावर नुसते पिसांचे कोंब असलेलं, तोंड उघडून बसलं होतं, आणि त्याच्यावर आखूड पंख पसरून ती मादी. पूर्णिमानं हात घातला तसा तिनं अंगठ्याजवळ असा चावा घेतला की रक्त आलं. पूर्णिमानं हात मागे घेतला नाही. ओढणीत गुंडाळून दोघांना छातीशी धरलं. पक्ष्याचं काळीज तिच्या तळहातावर इतक्या जोरात धडधडत होतं की स्वतःचं कुठलं हे तिला ओळखता येईना.

अक्षतानं खोका आणून दिला. तासाभरात मादी आणि पिल्लू जखमी पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या केंद्रात पोचली. नर दोन दिवस येत राहिला. चोचीत उंबर धरून विजेच्या तारेवर बसायचा, मोकळ्या आकाशाकडे पाहायचा, उडून जायचा. तिसऱ्या दिवशी आला नाही.

आगाशेंनी सभा बोलावली. सुरुवातीलाच म्हणाले, "नोटीस माझ्या सहीची होती," आणि बसले. एवढी छोटी सभा त्या सोसायटीत आधी झाली नव्हती. पूर्णिमानंही आपली चूक सांगितली. जूनपर्यंत थांबता येईल असं तिनंच धरलं होतं, आणि झाड दोन आठवडे आधी गेलं. अंगण उघडं असतं तर, हे वाक्य तिनं पुरं केलं नाही. कुणी करायला लावलंही नाही. घरी जाऊन तिनं आईला फोन केला आणि गुलमोहरापासून सगळं सांगितलं. विमलाबाई म्हणाल्या, "येऊ का मी तिकडं?" आणि चार दिवसांनी खरंच आल्या.

जुलैअखेर केंद्रातून फोन आला. मादीची पिसं पूर्ण आली होती, पिल्लूही उडायला लागलं होतं. वारज्याजवळच्या टेकडीवर दोघांना सोडायचं ठरलं. पूर्णिमानं सर्जेरावांना गाडीवर मागे बसवून नेलं. पिंजरा उघडल्यावर मादी क्षणभर दारातच बसली, मग जोरजोरात पंख मारत खालच्या झाडीत गेली. मागोमाग पिल्लू, थोडं वाकडंतिकडं. दोघंही पानांत दिसेनाशी झाली.

"आता घर कुठं घावायचं हिला?" सर्जेरावांनी विचारलं.

"पोकळ झाड शोधेल."

"म्हंजी कीड लागल्यालंच."

"हो."

"बुरशी बी तिथंच आसंल म्हना की. आमच्या हितं राह्यलेल्या बुडख्याशी गेल्या म्हयन्यात पुन्ना तांबडं उगवलंय. ह्या पावसात चांगलं ताटाएवढं झालंय."

पूर्णिमाचा चेहरा उतरला. "आणि शेजारचं जांभूळ?"

"त्येच सांगायचं व्हतं. त्येची पानं पिवळी पडाया लागलीत एका अंगानं."

जांभळाखालून सोसायटीचं मुख्य फाटक होतं. "आत्ता जाऊ या," ती म्हणाली. "आणि आजोबा, अक्षताला फोन लावा. आज मुलांना मागच्या दारानं सोडायला सांगा. कारण विचारलं तर सांगा, मला भीती वाटतेय."

सर्जेरावांनी खिशातून फोन काढला आणि डोळ्यांपासून लांब धरून नंबर शोधायला लागले.